भूमिकेचे वय आणि नटाचे वय

अध्यक्ष महोदय, मंडळाचे पदाधिकारी, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून येऊन इथे परदेशात स्थिरावलेल्या बंधुभगिनींनो,

चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील कलावंतांच्या आयुष्यांवर बोलावे, असे कार्यवाहांनी सुचवले. विषय इतका अफाट आहे की तो एका बैठकीत उरकणे शक्य नाही. म्हणून मी त्याची एकच बाजू घेणार आहे. नटाची कारकीर्द त्याच्या गुणांवर आणि नशिबावर चालते, असे आपण सहज म्हणतो, पण ती घडवण्यात प्रेक्षकांच्या सवयीचा, म्हणजे तुमचा-माझा, किती मोठा वाटा असतो, हे मला मांडायचे आहे.

आरंभ आपल्याच मुलखापासून करतो. सुलोचनाबाई लाटकर यांचा जन्म १९२८ साली निपाणी-चिकोडी परिसरातील खडकलाट या गावी झाला. निपाणीहून कोल्हापूर जवळ, आणि त्या काळी कोल्हापूर हे मराठी चित्रपटाचे माहेर. त्यामुळे खडकलाटच्या मुलीला स्टुडिओची वाट सापडणे अशक्य नव्हते, पण सोपेही नव्हते. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या शिस्तीत त्या घडल्या आणि मराठी पडद्याच्या नायिका झाल्या. हिंदीत मात्र त्यांच्या वाट्याला आईच आली. १९५९ सालच्या ‘सुजाता’मध्ये त्यांनी ज्या नूतनच्या पालक आईचे काम केले, ती नूतन त्यांच्याहून अवघ्या आठ वर्षांनी लहान होती. त्यानंतर नायक बदलत गेले, पिढ्या बदलल्या, सुलोचनाबाई मात्र आईच राहिल्या. त्यांना पुढे मोठे सन्मान मिळाले, १९९९ साली पद्मश्री मिळाली, आणि २०२३ साली त्या गेल्या तेव्हा बहुतेक मथळ्यांत ‘आई’ हाच शब्द होता. आदराची गोष्ट आहे, यात शंका नाही. तरीही तिशीतल्या एका समर्थ अभिनेत्रीला आपण त्या पदरातून पुन्हा बाहेर येऊ दिले नाही, हेही तितकेच खरे आहे.

ही सवय सिनेमाने लावलेली नाही. ती रंगभूमीपासूनची आहे. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या पश्चात त्यांच्याच नावाच्या मंडळीत १९०५ साली बालगंधर्व दाखल झाले आणि स्त्रीभूमिकांनी त्यांनी महाराष्ट्राला वेड लावले. तीस वर्षांनी, १९३५ साली, प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत पडद्यावर आले. आवाज तोच होता. पण ज्यांना शालू नेसलेले बालगंधर्व हवे होते, त्यांना हे एकनाथ आपले वाटले नाहीत, आणि ते स्वतःही कॅमेऱ्यापुढे रमले नाहीत. प्रभातबरोबरचा तो संसार लवकरच आटोपला आणि ते रंगभूमीवर परतले.

निळू फुले यांच्याबाबतीत तर प्रेक्षकांची ही सवय अन्यायाच्या सीमेपर्यंत गेली. हा माणूस पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत होता, राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता होता आणि लोकनाट्यातून पुढे आला होता. १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ने त्यांना चित्रपटात आणले, पुढे पाटील, सरपंच, साखरसम्राट अशा खलभूमिका त्यांनी इतक्या खऱ्या केल्या की बायाबापड्या त्यांना प्रत्यक्षातही तसेच समजू लागल्या. सामाजिक कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग करीत फिरणारा माणूस तोच होता, हे मात्र अनेकांना फार उशिरा कळले.

त्या निधीच्या कामात त्यांच्यासोबत असलेले डॉ. श्रीराम लागू हे आपल्यासारख्या परदेशस्थांना विशेष जवळचे वाटावेत असे उदाहरण आहे. कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून ते टांझानियात काम करून आले होते. १९६९ साली, बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी पूर्णवेळ अभिनयाचा निर्णय घेतला आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. या गोष्टीतले धाडस सगळेच सांगतात. पण हाती पदवी असणे ही केवढी सोय होती, हे कुणी फारसे बोलत नाही. अशोक सराफ यांनीही स्टेट बँकेतील नोकरी सुमारे दहा वर्षे सांभाळत नाटके केली. ज्यांच्या मागे असा आधार नव्हता, त्यांच्या नशिबी नट-दिग्दर्शक भगवानदादांसारखे चढउतार आले: गिरणी कामगाराचे जीवन, ‘अलबेला’चे अफाट यश, जुहूचा बंगला, आणि शेवटी २००२ साली दादरच्या चाळीत मृत्यू.

दूरचित्रवाणीने या व्यवहारात एक नवा अध्याय जोडला. ‘बेळगाव, कारवार, निपाणी’ या सीमालढ्याच्या घोषणेतल्या कारवारजवळच्या जयश्री गडकर समूहनृत्यातून पुढे येऊन तमाशापटांच्या नायिका झाल्या. १९८७ साली ‘रामायण’ मालिकेत त्या कौसल्या झाल्या आणि त्यांचे पती बाळ धुरी दशरथ झाले. ज्या घरांतून त्यांचा तमाशापट पाहायला बायकांना परवानगी नव्हती, त्याच घरांतून त्यांना पडद्यावर पाहून हात जोडले गेले असतील. आजच्या दैनंदिन मालिकेत ही ओळख आणखी घट्ट होते, कारण कलावंत रोज घरी येतो. मात्र कथानक वळले की त्याचे पात्र एका आठवड्यात परगावी जाते किंवा मरते. काम दिवसाच्या हिशोबाने, पाळी बारा तासांची, आणि अनेक ठिकाणी मोबदला ९० दिवसांनी, अशी या क्षेत्राची रीत आहे. २०२१ साली महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले, तेव्हा अनेक मराठी मालिकांनी गोव्यात मुक्काम हलवला तो याच निकडीने. रोजचा भाग थांबला तर केवळ नटाचीच नव्हे, तर रंगभूषाकार, प्रकाशयोजनेचे कामगार आणि स्पॉटबॉय यांचीही चूल थांबत होती.

आता एक विनंती. कोल्हापूरच्या जयप्रभा आणि शालिनी या स्टुडिओंत गर्दीच्या दृश्यांत उभे राहिलेले, मावळे झालेले, जत्रेत नाचलेले कितीतरी लोक आपल्या निपाणी-चिकोडीकडचे असणार. त्यांची नावे श्रेयनामावलीत नाहीत. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात असे आजोबा, आत्या किंवा मामा असतील, तर मध्यंतरात कार्यवाहांकडे नाव आणि आठवेल तेवढा तपशील जरूर द्यावा. त्याची नोंद ठेवण्याची तयारी मंडळाने दाखवली आहे.