वारशाने मिळणारा विमा

नमस्कार. आधी हात वर करा पाहू. कोणाकोणाची मुलं कॉलेज संपल्यावरही तुमच्याच विम्यावर होती?

बघा, निम्म्याहून जास्त सभागृह! माझी लेकही होती. २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टने, म्हणजे आपल्या ओबामाकेअरने, ही सोय केली. मूल २६ वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहू शकतं. पण आईवडिलांकडेच विमा नसेल तर? घर, शेत, दागिने वारशाने मिळतात हे आपण जाणतो. अमेरिकेत तरुणपणीचा विमाही बराचसा वारशानेच मिळतो, आणि अनेक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी कुटुंबांतल्या, मुलांच्या वाट्याला तो येत नाही. एवढंच मला सांगायचं आहे.

टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये एका मोफत दवाखान्यात मी शनिवारी नोंदणीच्या टेबलावर बसते. एकदा २२ वर्षांचा मुलगा आला. वडिलांबरोबर घरांची छपरं बसवतो. दम्याचा त्रास. त्याने इन्हेलर माझ्यासमोर ठेवला. मागे बारीकशी खिडकी असते, उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दाखवणारी. आकडा होता ००९. म्हणाला, "शिडी चढायची असेल त्या दिवशीच घेतो, सेन्योरा. एरवी तसंच काढतो."

मी म्हटलं, अरे, तू इथेच जन्मलास, नागरिक आहेस, मार्केटप्लेसवर, सरकारी विमा-बाजारात, अर्ज का करत नाहीस? मी फॉर्म पुढे केला. 'घरात आणखी कोण राहतं' या रकान्यावर त्याचं बोट थांबलं. आईवडिलांकडे इथे राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नाहीत. काही न बोलता त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला.

पूर्वी मी अशा मुलांना छातीठोकपणे सांगायचे, बाळा, जे स्वतःसाठी विमा मागत नाहीत त्यांचे कागद कोणी विचारत नाही. नियम आजही तोच आहे. पण २०२५ मध्ये मेडिकेडवरच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्यावरच्या, लोकांची माहिती स्थलांतर खात्याकडे सोपवली गेली. आता कुठल्या तोंडाने सांगू? वीस वर्षांत मला इतकी चीड कशाचीच आली नव्हती.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली आहेत. भरभर सांगते.

५० हून कमी माणसांच्या मालकाला विमा देण्याची सक्ती नाही. छपरं, हॉटेलं, साफसफाई, शेती, ही कामं बरीचशी अशाच मालकांकडे किंवा पोटकंत्राटावर. म्हणजे बापाला विमा नाही आणि मुलालाही नाही. २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मेडिकेड वाढवणं राज्यांच्या मर्जीवर गेलं. टेक्सासने ते वाढवलं नाही. इथे धडधाकट, मूलबाळ नसलेला तरुण कितीही गरीब असला तरी त्याला मेडिकेड नाही. मार्केटप्लेसचं अनुदान मात्र दारिद्र्यरेषेपासून वरच सुरू होतं. त्याखालच्याने जायचं कुठे?

लहानपणी कागदांविना या देशात आणलेल्या, 'डाका' योजनेने हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण दिलेल्या मुलांना मार्केटप्लेसचं दार २०२४ च्या नोव्हेंबरात उघडलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये १९ ते २५ वयाच्या मुलांना कागद न बघता मेडि-कॅलमध्ये, म्हणजे तिथल्या मेडिकेडमध्ये, घेतलं होतं. करायचं म्हटलं तर जमतं! तिथेही २०२६ च्या जानेवारीपासून कागद नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी थांबली.

त्या मुलाला आम्ही दवाखान्यातला इन्हेलर दिला. जाताना त्याने विचारलं, धाकट्या बहिणीला आणू का? तिलाही दमा आहे. टेक्सासमध्ये मुलांचं मेडिकेड १९ व्या वर्षी संपतं, आणि तिला पुढच्या महिन्यात १९ पूर्ण होणार होती.