पाणवठ्यावरची रात्र

(संध्याकाळ. येऊरचा चढ, मागे ठाण्याच्या इमारती.)

उपवन तलाव मागे पडला, येऊरचं, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं गेटही ओलांडलं. सॅकमध्ये पाणी, चपाती-चटणी आणि काचेवर लाल कागद चिकटवलेला टॉर्च. आज बुद्ध पौर्णिमा. प्राणीगणनेसाठी या रात्री मचाणावर बसायचं आणि पाणवठ्यावर कोण कोण आलं ते लिहून काढायचं.

सोबत पाड्यावरचे एक वारली बाबा आहेत. वय विचारलं की हसतात.

(पाऊलवाट. खुरांचे ठसे, जवळून.)

बाबा थांबले. आपल्याला नुसती धूळ दिसते. त्यांना दिसतो कळप. हा टोकदार, दोन पाकळ्यांचा ठसा चितळाचा. तसाच, पण चांगला मोठा, तो सांबराचा. ठशाची कड अजून ढासळलेली नाही, म्हणजे आजचाच. पुढे लेंड्या. एक उचलून त्यांनी बोटांत दाबली. अजून ओल आहे. मग मान वर करून उंबराकडे बघितलं. वानरं उंबरं खातात कमी, सांडतात जास्त, आणि खाली चितळं ती वेचतात. कळप शोधायचा तर आधी वानरं शोधा, एवढंच बाबांचं म्हणणं.

हे कुठल्या शिबिरात शिकवलेलं नाही. त्यांचे वडील शिकारीला जायचे. तिरकमठा घेऊन, दहा-बारा जण मिळून. काहींनी हाका घालायचा, म्हणजे ओरडून जनावर पुढे हाकायचं, काहींनी नाक्यावर दबा धरायचा. मांसाचा वाटा प्रत्येक घरात जायचा, हाक्याला न आलेल्यांच्याही. पावसाळ्यात तिरकमठा आढ्याला टांगलेला असायचा. जंगलाला विसावा म्हणून? बाबा खळखळून हसतात. भात लावायचा कोणी मग?

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार गुन्हा ठरली.

(घराची भिंत. वारली चित्र.)

शिकार आता इथे उरली आहे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. दोन त्रिकोण जोडले की माणूस, तेच आडवे केले आणि वर शिंगांच्या फांद्या काढल्या की हरीण. हरणाची मान मागे वळलेली आहे. काढणाऱ्याने पळणारं हरीण डोळ्यांनी पाहिलंय, हे त्या एका वळणावरून कळतं.

(कारवीचं रान. खुडलेले शेंडे.)

हरणं जंगलाची शोभा खरीच, पण त्यांना पोटही आहे. कळप फार वाढले की कोवळी रोपं आधी जातात. घाणेरी आणि रानमोडीला ती सहसा तोंड लावत नाहीत, म्हणजे तण राहतं आणि उद्याचं झाड जातं. अंदमानात इंग्रजांनी चितळं नेऊन सोडली. तिथे त्यांना खाणारं कोणी नव्हतं, आणि जंगलाचा खालचा थर विरळ झाला. अमेरिकेच्या पूर्वेकडे लांडगे संपवले, म्हणून आता पांढऱ्या शेपटीची हरणं आवरायला सरकार दरवर्षी शिकारीचे परवाने देतं. बंदुका-काडतुसांवरच्या करातून 1937 च्या कायद्यानुसार तिथल्या वन्यजीव खात्यांना पैसा मिळतो.

आपल्याकडे हे काम बिबट्याचं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम 104 चौरस किलोमीटरचं. 2015 च्या अभ्यासात इथे आणि लगतच्या भागात मिळून 35 बिबटे मोजले गेले. मात्र तो चितळाइतक्याच आवडीने कुत्राही उचलतो, आणि कुत्री पोसतो आपला उकिरडा. बंगले, हॉटेलं, लग्नातले डीजे, घोडबंदरची वाहतूक या सगळ्याचा ताण जंगलावर आहेच.

(रात्र. मचाण. चांदणं.)

सात वीस. मुंगूस. पाणी न पिताच गेलं.

नऊ पाच. भेकर. एकटं. दोन घोट, की मान वर. पुन्हा दोन घोट.

अकरा चाळीस. बाबांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पुरती तीन-चार मिनिटं गेली आणि मग पाचोळा वाजला. सांबराची मादी, मागे पिल्लू.

दोन वाजता दरीतून चितळ ओरडलं. एकदा, दोनदा. मग सगळं गप्प. बिबट्या आम्हाला दिसला नाही.

(पहाट. कागद, पेन्सिल.)

सांबर दोन, भेकर एक, मुंगूस एक. चितळ शून्य. चितळ दिवसाउजेडी पिऊन जातं, हे बाबांनी काल चढतानाच सांगितलं होतं. रात्रीच्या कागदावरून चितळांचा अंदाज बांधायला ते तयार नाहीत. पाड्यांवर असे डोळे अजून आहेत. त्यांना नुसतं वाट दाखवायला का न्यायचं?

(उतरताना. वळणावर कळप.)

आणि हे बघा. वाळल्या गवतात, कोवळ्या उन्हात. आम्ही मोजली, 17. बाबांनी मान हलवली. 19.

कॅमेरा झूम केला. बाभळीच्या बुंध्याशी, गवताच्या वर, चार कान.