वेसाव्याचा बाजार तिथीवर चालतो

मुंबई मेट्रोच्या पाटीवर वर्सोवा असतं, कोळ्यांच्या तोंडी वेसावे. स्टेशनवरून रिक्षा पकडायची आणि सुक्या म्हावऱ्याचा, म्हणजे मासळीचा, वास आला की उतरायचं.

पहिल्यांदा आलो तेव्हा अष्टमी होती. बाजार भरलेला, पण माशांच्या पाट्या अर्ध्याच. एका मावशींना कारण विचारलं. म्हणाल्या, "आता भांग हाय दादा. पुनवेला ये, मग बघ म्हावरं."

अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, पाण्याला जोराची ओढ असते. अष्टमीच्या सुमारास ती मंदावते, तो भांग. बोंबील धरायचं इथलं डोल जाळं माशाच्या मागे धावत नाही. लांबलचक पिशवीसारखं हे जाळं समुद्रात एका जागी बांधून, प्रवाहाकडे तोंड करून ठेवतात. मासा त्यात आणून घालायचं काम पाण्याचं. पाणी सुस्त असेल, तर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, कितीही हुशार असो, जाळं हलकंच वर येणार.

आज पौर्णिमेचा दुसरा दिवस. बघा हा फरक! होड्या लागल्या आहेत, पाट्या डोक्यावरून उतरताहेत, बर्फ फुटतोय. कोळंबी, मांदेली, जवळा, आणि सगळीकडे बोंबील. दर्यावर पुरुष जातात, पण किनाऱ्याला लागलेला माल बायकांचा. भाव त्या करतात, पैसेही त्याच मोजून घेतात.

हा बोंबील जरा जवळून बघा. गुलाबीसर, आरपार दिसेल इतका नितळ, हातात धरला तर लोंबतो. अंगात निम्म्याहून जास्त पाणी, म्हणून तळायच्या आधी वजनाखाली दाबून ठेवतात. जबडा मात्र केवढा, आणि त्यात सुईसारखे दात! सुकवताना हाच जबडा कामाला येतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, खिळा नाही. बांबूच्या वलांडीवर अशा जोड्यांच्या रांगा वाऱ्यावर हलत असतात. आम्ही प्रयत्न केला, दात बोटाला लागले. मावशींची तोवर अर्धी दोरी भरली होती.

जून-जुलै मासेमारी बंद. ते दोन महिने घराघरांत कालवणाला हेच सुकं म्हावरं असतं.

एक गोष्ट मात्र बघवत नाही. जवळ्याच्या ढिगातून मावशी काहीतरी वेचत होत्या. आम्हाला वाटलं, बारीक मासे निवडताहेत. पिशव्यांचे तुकडे होते, गुटख्याच्या पुड्या होत्या. आपण शहरात नाल्यात टाकतो, ते खाडीतून दर्यात जातं आणि पाण्याच्या त्याच ओढीने डोलीत शिरतं. मासा वेगळा करण्याबरोबर आता या कचऱ्यालाही वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे त्यांना कुणी देत नाही.

ऊन उतरलं, पाट्या धुऊन पालथ्या पडल्या. निघताना विचारलं, "मावशी, आता परत कधी येऊ?"

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला, तिथी मोजल्या. "अवसेला ये."