सत्तावन्न हजार फोटो: ‘राजा हरिश्चंद्र’चा हिशेब

‘राजा हरिश्चंद्र’बद्दल आपल्याकडे तीन-चार गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. ३ मे १९१३ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये तो लागला, तारामतीचं काम साळुंके या पुरुषाने केलं, दादासाहेब फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. हे खरंच आहे. पण आज मला फिल्मच्या पट्टीबद्दल बोलायचंय. कारण ३५ मिलिमीटर पट्टीचा एक हिशेब लक्षात ठेवला की फाळक्यांबद्दलच्या कितीतरी दंतकथा आपल्याला घरबसल्या तपासता येतात. एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे पट्टीवरचे १६ सुटे फोटो. बस, एवढंच.

चित्रपट सुरतला लागला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला जमेना. नाटक पाच-सहा तास चालायचं, मग पैसे देऊन एवढासा खेळ कोण बघणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली: ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! आता मोजून बघा. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट, चार रिळं. त्याला १६ने गुणलं की ५९,२०० फ्रेम होतात. म्हणजे फोटोंचा आकडा जवळजवळ बरोबर आहे, उलट थोडा कमीच सांगितलाय. मैलांचा मात्र तिप्पट फुगवलाय. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट, आणि ही पट्टी पाऊण मैलसुद्धा भरत नाही.

याच हिशेबाने चित्रपटाची वेळही काढता येते. बहुतेक ठिकाणी ती ४० मिनिटं दिलेली असते. ३,७०० फूट सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने चालवले तर ४१ मिनिटं होतात, म्हणजे तो आकडा तिथून आलेला दिसतो. पण २४चा वेग पक्का झाला तो बोलपट आल्यावर. १९१३ सालचा कॅमेरा हाताने फिरवायचा होता. मूठ एकदा फिरली की आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ फ्रेम, म्हणजेच सेकंदाला एक फूट. त्या वेगाने ३,७०० फुटांना तासाहून थोडं अधिक लागतं. अर्थात कॅमेरा फिरवणाऱ्या त्र्यंबक तेलंगांचा हात काही घड्याळ नव्हता, आणि प्रोजेक्टरवाल्याचाही नव्हता. कॅमेऱ्यावरचा हात मंदावला की प्रत्येक फ्रेमवर प्रकाश जास्त वेळ पडतो. चित्र उजळ येतं आणि पडद्यावर माणसं लगबगीने चालू लागतात.

माझ्या मते या सगळ्या कहाणीत सर्वांत कमी बोललं गेलेलं काम सरस्वतीबाई फाळक्यांचं आहे. युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या, हे आपण कौतुकाने सांगतो. पण फिल्मच्या कडांना छिद्रं लागतात, त्यांत यंत्राचे दात अडकतात आणि पट्टी पुढे सरकते. कच्ची फिल्म तेव्हा छिद्रं न पाडलेली मिळे. लंडनहून आणलेल्या यंत्रावर ती छिद्रं सरस्वतीबाई पाडत. एका फ्रेमला प्रत्येक कडेला चार छिद्रं. फुटाला एका कडेला ६४, दोन्ही मिळून १२८. फक्त ३,७०० फुटांच्या एका पट्टीची पावणेपाच लाख छिद्रं झाली. निगेटिव्हची वेगळी, प्रत्येक प्रिंटची वेगळी, आणि वाया गेलेल्या फिल्मची तर गणतीच नाही.

हे काम अंधाऱ्या खोलीतलं. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे, म्हणून गडद लाल दिवा चालायचा, तोही लांब ठेवून. (याच कारणाने तांबडं कुंकू किंवा वस्त्र पडद्यावर काळं दिसतं आणि निळं आकाश पांढरं.) आता यात काय बिघडू शकतं ते बघा. फ्रेमची उंची जेमतेम १८ मिलिमीटर. तीन मीटर उंच पडद्यावर ती दीडशे पटींहून जास्त मोठी होते. छिद्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकलं तरी पडद्यावर राजाचा चेहरा दीड सेंटीमीटर उडी मारतो. छिद्रातून पडलेला कचरा पुसला नाही तर तो कॅमेऱ्यात जाऊन ओरखडे काढतो. घामेजल्या बोटाचा ठसा उमटला तर फिल्म धुतल्यावर डाग कायमचा. छिद्राची कड फाटली की दात निसटतात आणि पट्टी अडकते. दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवायचा आणि रात्री हे करायचं. पडद्यावर चित्र स्थिर दिसलं, त्याच्या श्रेयात सरस्वतीबाईंचा वाटा मोठा आहे.

आता वाटाण्याच्या रोपाची गोष्ट. भांडवल मिळवण्यासाठी फाळक्यांनी बी रुजून वेल होईपर्यंतचं चित्रीकरण केलं आणि ते दाखवून पैसे उभे केले. महिनाभर रोज एक फ्रेम घेतली, असं सांगतात. हिशेब बसत नाही. महिन्याच्या ३० फ्रेम म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत, आणि चित्र तर मिनिटाहून अधिक होतं असंही तेच सांगणारे सांगतात. मिनिटाला ९६० फ्रेम लागतात. महिन्यात बसवायच्या तर दिवसाला ३२, म्हणजे बारा तासांच्या उजेडात साधारण दर बावीस मिनिटांनी एक. काम अधिकच चिकाटीचं होतं, असाच याचा अर्थ. महिनाभर कॅमेरा केसभर हलता कामा नये, कुंडीला धक्का लागता कामा नये, आणि उजेड कमी-जास्त झाला की चित्र लुकलुकणार.

मूळ चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं, एवढी दोनच आज उरली आहेत. तीही १९१३ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. ती इंटरनेटवर बघायला मिळतात. बघताना तारामती आणि दासी धावपळ करताना दिसल्या, तर चित्र २४च्या वेगाने चढवलेलं आहे असं समजा. प्लेअरचा वेग ०.७५वर आणा. सेकंदाला १८ फ्रेम होतील, आणि तारामती माणसाच्या नेहमीच्या चालीने चालू लागेल.