बॉम्बे आर्ट सोसायटी : भांडायचं, आणि चित्रं परत तिथेच लावायची

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय "बॉम्बे आर्ट सोसायटीची वाटचाल", पण वाटचाल म्हटलं की मला भिंतीवर ओळीने लावलेले माजी अध्यक्षांचे फोटो दिसायला लागतात आणि ते आज करायचं नाहीये. मला सांगायचंय ते एवढंच, की ह्या सोसायटीशी कोण कोण भांडलं आणि भांडून झाल्यावर त्या लोकांनी चित्रं कुठे लावली. माझ्या मते कुठल्याही चित्रकारांच्या संस्थेचा खरा इतिहास तिथे असतो, घटनेत आणि ठरावांत नसतो.

सोसायटी सुरू झाली 1888 मध्ये. जे.जे. स्कूल, म्हणजे मुंबईची चित्रकला शिकवणारी संस्था, त्याच्या तीसेक वर्षं आधी, 1857 चं. म्हणजे बघा, तीस वर्षं इथे पोरं शिकून बाहेर पडतायत, अ‍ॅनाटॉमी येतेय, पर्स्पेक्टिव्ह येतोय, तिथले शिक्षक ग्रिफिथ्स साहेब, त्यांच्याबरोबर अजिंठ्याला जाऊन भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करून आलीत, पण काम लोकांसमोर मांडायचं कुठे? आणि विकायचं कुणाला? गॅलरी नावाची गोष्टच मुंबईत नव्हती. सोसायटी मात्र ह्या पोरांसाठी निघाली होती असं अजिबात समजू नका. ती निघाली साहेब लोकांसाठी. सरकारी अंमलदार, लष्करी अधिकारी, त्यांच्या मडमा, ह्यांच्यातले पुष्कळजण हौसेने वॉटरकलर करायचे, डोंगर, किल्ले, समुद्र वगैरे, आणि वर्षातून एकदा ते सगळं मांडायला, एकमेकांचं कौतुक करायला जागा हवी होती. आपले लोक त्यात शिरले ते मागच्या दाराने म्हणा हवं तर.

पण शिरल्यावर काय झालं ते मजेशीर आहे. 1895 मध्ये चित्रकार धुरंधरांना ह्या सोसायटीचं गोल्ड मेडल मिळालं. चित्राचा विषय काय, तर घरगुती, "लक्ष्मी, आलीस का?" असा. लगेच पुढच्या वर्षी, 1896 ला, गणपतराव म्हात्रे. वय वीस, अजून विद्यार्थीच, आणि "मंदिरपथगामिनी" हे प्लास्टरमधलं शिल्प. नऊवारी नेसलेली, पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली बाई. तिला सिल्व्हर मेडल. त्या पुतळ्याचे फोटो लांबवर गेले, भारतीय कलेवर लिहिणाऱ्या जॉर्ज बर्डवुड ह्या इंग्रजाने वाखाणलं, आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याच्यावर बंगालीत लेख लिहिला. मुंबईच्या एका विद्यार्थ्याच्या कामावर टागोर लिहितात हो! मला तर नेहमी वाटतं की त्या शिल्पातली साडी हीच खरी कमाल आहे, ग्रीक पुतळ्यांच्या वस्त्राचा अभ्यास पक्का झालेला आणि त्यातून नऊवारीची चुणी न् चुणी मराठी घरातलीच वाटते.

आता मेडलचा उपयोग काय? आज आपण सर्टिफिकेट फ्रेम करून लावतो आणि विसरतो. तेव्हा मेडल म्हणजे रोजीरोटी होती. राजा रविवर्म्याचंच बघा, 1873 ला मद्रासच्या प्रदर्शनात, 1880 ला पुण्याच्या प्रदर्शनात गायकवाडांचं सुवर्णपदक, आणि मग बडोद्याची मोठी कामं. मेडल मिळालं की नाव पेपरात, पेपरातून एखाद्या संस्थानच्या दिवाणाच्या कानावर, तिथून पोर्ट्रेटची ऑर्डर, महाराजांचं, महाराणींचं, कैलासवासी थोरल्या महाराजांचं फोटोवरून. पारशी शेठियांकडेही तसंच. त्यामुळे ज्यूरीत, म्हणजे चित्रं निवडणाऱ्या मंडळींत, कोण बसलंय हा प्रश्न पोटाचा होता, सौंदर्यशास्त्राचा नंतर. आणि ज्यूरी पास केलं तरी पुढे हँगिंग असतंच, ते विसरू नका! तुमचं चित्र डोळ्यासमोर लागतंय, की कोपऱ्यात खांबाच्या मागे, की पार वर जिथे मान मोडून बघावं लागेल. ज्याने एकदा तरी ग्रुप शोमध्ये चित्र दिलंय त्याला हे दुःख समजावून सांगायची गरज नाही.

तर हे सगळं साहेबांच्या हातात होतं, आणि ते टोचत होतं. त्यातून 1918 मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया निघाली, म्हणजे सरळ सरळ दुसरी चूल. संस्थापकांत सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर होते. तेच, ज्यांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र लोक हमखास रविवर्म्याच्या नावावर खपवतात. (व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड आलं तर प्लीज दुरुस्त करत जा.) आता हळदणकरांनी वेगळी संस्था काढली म्हणजे जुन्या सोसायटीचं तोंड बघायचं नाही असं झालं का? नाही. 1925 मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचंच गोल्ड मेडल मिळालं, एका मुस्लिम यात्रेकरूच्या वॉटरकलरला. म्हणजे संस्था वेगळी काढायची, साहेबांच्या मक्तेदारीवर बोलायचं आणि चित्र मात्र तिथेही द्यायचं. ह्याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल, मी नाही म्हणणार, मला तो शहाणपणा वाटतो, कारण बघणारे आणि विकत घेणारे तिकडेही येत होते ना.

आणि सोसायटी म्हणजे नुसती अकॅडमिक, जुनाट, हा जो शिक्का आहे तोही जरा तपासून घ्यायला पाहिजे. अमृता शेरगिलचं उदाहरण घ्या. 1935 ला सिमल्याच्या फाइन आर्ट सोसायटीने तिची काही चित्रं रिजेक्ट केली आणि एका चित्राला बक्षीस दिलं, तर बाईने बक्षीस परत पाठवलं. पुढे 1936 मध्ये ती मुंबईत आली, ताजमध्ये तिच्या चित्रांचं प्रदर्शन झालं, कलासमीक्षक कार्ल खंडालावालांची ओळख झाली, अजिंठा पाहिला आणि त्याने ती पार हलून गेली. आणि 1937 च्या वार्षिक प्रदर्शनात बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या "तीन मुली" ह्या चित्राला गोल्ड मेडल दिलं. आता ते चित्र आठवा. सपाट रंग, शेडिंगचा हट्ट नाही, गोष्ट नाही, तीन मुली बसल्यात आणि खाली बघतायत, बस. जे.जे.च्या तेव्हाच्या हिशोबाने त्यात "फिनिशिंग" कुठेय? तरी दिलं. ज्यूरी कधीकधी स्वतःपेक्षा शहाणी वागते, कशी ते मला कधी कळलेलं नाही.

त्याच सुमाराला हिटलरच्या युरोपातून काही माणसं मुंबईत आली. वॉल्टर लँगहॅमर, व्हिएन्नाचा चित्रकार, टाइम्स ऑफ इंडियात आर्ट डायरेक्टर झाला. रूडी फॉन लायडन समीक्षा लिहायचा. श्लेसिंगर चित्रं विकत घ्यायचा. लँगहॅमर तर सोसायटीतही वजनदार माणूस होता. ह्यांच्या घरी तरुण चित्रकारांचा अड्डा जमायचा, पुस्तकं बघायची, प्रिंट्स बघायच्या, वाद घालायचे. सेझानसारख्या फ्रेंच चित्रकाराचं मूळ चित्र बघायला पॅरिसला कोण जाणार, पैसे कुठेत!

आणि मग 1947, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, तरुण बंडखोर कलावंतांचा गट. सहाजण : गोव्यातल्या साळगावचा सूझा, पंढरपूरचा हुसेन, अमरावतीकडचा गाडे, शिल्पकार बाकरे, मध्य प्रांतातला रझा आणि हैदराबादजवळच्या बोलारमहून लहानपणी पळून मुंबईत आलेला, गाड्या धुणारा, घरगडी म्हणून राबलेला आरा. ठिणगीची गोष्ट अशी सांगतात की आराने स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचं मोठ्ठं चित्र केलं, सोसायटीच्या सिलेक्शनला दिलं आणि ते रिजेक्ट झालं. नव्या देशाच्या पहिल्याच उत्सवाचं चित्र, आणि रिजेक्ट! सूझा तसाही पेटलेलाच होता, जे.जे.मधून त्याला आधीच काढलेलं. पण ह्यांना कुणी ओळखत नव्हतं म्हणून हे चिडले असं जे रंगवतात ना, ते खरं नाही. रझाला 1946 मध्ये सोसायटीचं सिल्व्हर मिळालं होतं आणि 1948 मध्ये, म्हणजे ग्रुप काढल्यानंतर, गोल्ड मिळालं. हुसेनच्या "सुनहरा संसार"ला 1947 च्याच प्रदर्शनात बक्षीस. हे घरातलं भांडण होतं, म्हणून तर एवढं जोरात झालं.

आता माझा आवडता भाग. ह्या बंडखोरांचं मुंबईतलं गाजलेलं पहिलं प्रदर्शन झालं जुलै 1949 मध्ये, लेखक मुल्कराज आनंदांच्या हस्ते उद्घाटन. जागा कुठली? रॅम्पार्ट रो, काळा घोडा, बॉम्बे आर्ट सोसायटीचं सलोन, म्हणजे तिचा प्रदर्शनाचा हॉल! ज्या संस्थेविरुद्ध बोलायचं तिच्याच हॉलमध्ये तिचेच खिळे वापरून. आणि संस्थेनेही हॉल दिला, हेही लक्षात घ्या, आजकाल किती संस्था देतील? पुढे 1952 मध्ये आराला त्याच सोसायटीचं गोल्ड मेडल मिळालं, "टू जग्ज" नावाच्या स्टिल लाइफला, म्हणजे भांडी-फळं अशा वस्तू मांडून केलेल्या चित्राला. मिरवणूक नाकारली आणि दोन सुरया स्वीकारल्या, असा शेरा मारायचा मोह होतो, पण आराची स्टिल लाइफ समोर उभं राहून बघितलीत तर तुम्हीही मेडल द्याल, रंग असा काही घट्ट बसलेला असतो की फळ उचलून घ्यावंसं वाटतं.

1952 लाच जहांगीर आर्ट गॅलरी उघडली, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. शास्त्रज्ञ होमी भाभा आणि चित्रकार के. के. हेब्बर ह्यांनी त्यासाठी मागे लागून लागून आग्रह धरला होता. त्यानंतर चित्रकाराला प्रदर्शनासाठी संस्थेच्या तोंडाकडे बघायची गरज तितकी उरली नाही, भाडं भरा, तारखेची वाट बघा (ती किती बघावी लागते ते जाऊ दे) आणि स्वतःचा शो लावा, कुणी ज्यूरी नाही की कुणी रिजेक्ट करत नाही. सोसायटीचा दरारा कमी झाला तो ह्यामुळे, प्रोग्रेसिव्हवाल्यांच्या जाहीरनाम्यामुळे नव्हे, असं माझं मत आहे आणि ह्यावर इथल्या ज्येष्ठांशी माझे वाद आधीच झालेत. वार्षिक प्रदर्शन चालू राहिलं, पण आता त्याचं महत्त्व मुख्यतः नवख्यांना. कोल्हापूर, सांगली, औरंगाबाद, नागपूर, गोवा इथून पोरं चित्रं बबलरॅपमध्ये बांधून पाठवतात, सिलेक्ट झालं की गावात बॅनर लागतो. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

सोसायटीची स्वतःची इमारत मात्र थेट एकविसाव्या शतकात झाली, वांद्रे रेक्लमेशनला. आर्किटेक्ट संजय पुरी. काँक्रीटचं लाटेसारखं वळत गेलेलं कवच, खाली गॅलऱ्या, वर ऑफिसं. बिल्डिंग म्हणून मला आवडते. पण काळ्या घोड्याला कसं होतं, कोर्टातून सुटलेला वकील, म्युझियमला आलेली शाळा, 2015 ला बंद होईपर्यंत जहांगीरमधल्या समोवार कॅफेत चहा प्यायला आलेलं जोडपं, असे लोक उगाच आत डोकवायचे आणि चित्र बघून जायचे. वांद्र्याला मुद्दाम रिक्षा करून जावं लागतं. तेव्हा तिथे पुढचं प्रदर्शन लागेल तेव्हा मुद्दाम जा, आणि ज्यांचं रिजेक्ट झालंय त्या मित्रालाही बरोबर घेऊन जा, तोच सगळ्यात बारकाईने बघेल.