परातभर पाणी आणि दोन वर्षांचे मूल

उपस्थित पालकहो आणि बालवाडीतील ताईंनो,

एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरच्या घरी करता येतील अशा पाण्याच्या खेळांविषयी बोलण्यासाठी आपण मला बोलावले, याचा मला मनापासून आनंद आहे. विज्ञान शाळेत गेल्यावरच सुरू होते या समजुतीपायी आपण मुलांची पहिली वर्षे हातची घालवतो, असे मला वाटत आले आहे. या वयात समजावून सांगण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. मुलापुढे योग्य भांडे ठेवावे, त्यात बेताचे पाणी घालावे, आणि ते एकच कृती पुन्हा पुन्हा करत असताना आपण बोलणे आवरावे, एवढेच आपले काम आहे. आणि मोठ्यांना जड जाते ते हे बोलणे आवरणेच.

सुरक्षिततेची गोष्ट मी आधीच सांगून टाकतो, कारण तिच्यात कसलीही सवलत नाही. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे बादलीत वाकलेले मूल तोल जाऊन आत पडले तर त्याला स्वतःला वर उचलता येत नाही. पाच सेंटीमीटर खोल पाण्यातही मूल बुडू शकते, आणि बहुतेक वेळा त्याचा आवाजही होत नाही. म्हणून खेळासाठी बादली, टब किंवा पिंप वापरू नये. पसरट परात घ्यावी, तिच्यात तळ जेमतेम झाकेल इतके किंवा त्याहून थोडे अधिक पाणी घ्यावे, आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर बसलेले असावे. दाराची घंटा वाजली तर मुलाला उचलून सोबत न्यावे. चिंचोके, मणी, गोट्या, सुपाऱ्या या घशात अडकणाऱ्या वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या खेळात कधीही येऊ देऊ नयेत.

आता ओतण्याकडे वळू. दोन वाट्या, एक फुलपात्र, एक छोटा गडू आणि चहाचे गाळणे, एवढ्या सामानावर मूल बराच वेळ रमते. एका वाटीतले पाणी दुसऱ्या वाटीत, तिथून फुलपात्रात, तिथून परातीत, आणि पुन्हा पहिल्यापासून. मोठ्यांना हा नुसता चाळा वाटतो, पण मूल त्या वेळी भांडे किती कलले की धार सुरू होते, धार जाड कधी होते आणि भरलेले भांडे हाताला किती जड लागते, हे स्वतःच्या स्नायूंनी मोजत असते. गाळणे हातात आले की त्याला पहिला धक्का बसतो, कारण हे भांड्यासारखे दिसते खरे, पण पाणी धरून ठेवत नाही. अशा वेळी ‘त्याला भोके आहेत ना बाळा’ असे सांगण्याची घाई करू नये. मूल गाळणे उलटे करील, खालून बोट घालून पाहील, पुन्हा भरील. ते शोधत आहे तोवर उत्तर त्याच्या हाती आयते देऊ नये.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी एका भांड्यातले पाणी मुलांच्या डोळ्यांदेखत उंच, अरुंद भांड्यात ओतून कोणते जास्त असे विचारले, तेव्हा साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुले उंच भांड्यात जास्त पाणी आहे असे सांगत. पाण्याची पातळी बदलली तरी पाणी तेवढेच राहते, हे समजायला इतकी वर्षे लागत असतील, तर दोन वर्षांच्या मुलाला ते पटवण्यात काहीच अर्थ नाही. त्याला दोन्ही भांडी द्यावीत आणि मनसोक्त ओतू द्यावे.

तरंगणे आणि बुडणे हा खेळ अडीच वर्षांच्या सुमारास फार रंगतो. बटाटा बुडतो, वांगे तरंगते, सफरचंद तरंगते, गाजर तळाशी जाते. यापुढे मी एक खेळ आवर्जून सुचवतो, आणि त्यासाठी परातीतले पाणी वाटी तरंगण्यापुरतेच थोडे वाढवावे लागेल: स्टीलची वाटी पाण्यावर अलगद ठेवली तर तरंगते, आणि तीच वाटी कलवून आत पाणी शिरू दिले की बुडते. पोलाद पाण्याच्या साडेसात पटींहून अधिक घन आहे, तरी वाटीच्या पोकळीत हवा असेपर्यंत ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारू शकते. हे कारण आपल्यासाठी आहे. मुलासाठी एवढे पुरे की वस्तू तीच, पण कधी तरंगते आणि कधी बुडते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सारे तसेच ठेवावे. प्रयोग म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो, त्याला पृष्ठताण म्हणतात. तो पाहण्यासाठी आपल्याकडे अळूचे पान आहे. त्यावर चमच्याने पाण्याचे थेंब सोडावेत. ते पान न भिजवता गोल होऊन इकडून तिकडे धावतात आणि एकमेकांना भेटले की एकच थेंब होतात. पान आपण धरावे आणि मुलाला ते तोंडात घालू देऊ नये, कारण कच्च्या अळूने घसा खाजतो. दुसरा खेळ म्हणजे पाण्यावर चिमूटभर हळद भुरभुरून मध्ये साबणाचे बोट टेकवणे. हळद झरकन कडेला पळते, कारण साबणाने तिथला पृष्ठताण कमी होतो. मूल आणखी एकदा म्हणेल, तेव्हा नवे पाणी घ्यावे लागते.

इथे मला ॲग्नेस पॉकेल्स (१८६२–१९३५) यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे घर सांभाळणाऱ्या आणि विद्यापीठात न गेलेल्या या बाईंनी स्वयंपाकघरातल्या पाण्यावर तेल व साबण यांचे काय होते हे पाहत स्वतःचे मोजमापाचे साधन बनवले. १८९१ मध्ये इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या साहाय्याने त्यांचे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पृष्ठरसायनशास्त्राच्या, म्हणजे पदार्थांच्या पृष्ठभागावर काय घडते याच्या अभ्यासाच्या, पायाभूत कामांत त्यांची गणना होते. खरकट्या भांड्यांचे पाणी हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी दाखवले.

कळशी भरत आली हे आपण पाठमोरे असूनही ओळखतो, कारण पाणी वर चढते तशी आतली हवेची पोकळी आखूड होते आणि आवाज बारीक होत जातो. अरुंद तोंडाचा तांब्या मुलाच्या कानाजवळ धरून हळूहळू भरावा. काही दिवसांनी तांब्या भरण्याच्या बेतात आला की मूल आधीच हात वर करते, आणि तो त्याचा पहिला अंदाज असतो.

उन्हाळ्यात दुपारी ओल्या हाताचा ठसा गच्चीच्या फरशीवर उठवावा आणि तो विरताना दोघांनी बसून पाहावा. वाटीत पाण्यासह जास्वंदीचे फूल गोठवून तो मोठा गोळा परातीत ठेवला तर मूल त्यावर कोमट पाणी ओतत फूल सोडवते. बर्फ पाण्याहून हलका असल्यामुळे गोळा तरंगतो, तेही त्याच्या लक्षात येते. गोळा मुठीएवढा तरी असावा आणि वितळून लहान झाला की काढून घ्यावा.

यासाठी बाजारातले पाण्याचे टेबल आणि रंगीत संच घेण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया अशा परिसरातल्या वस्तूंवर भर दिला. आपल्या स्वयंपाकघरातील मांडणीही तेवढीच संपन्न आहे.

टँकरची वाट पाहणाऱ्या घरांत पाण्याने खेळू देणे उधळेपणाचे वाटेल, आणि ही अडचण खरी आहे. तिथे ओतण्याच्या खेळाला तांदूळ किंवा भाजी धुतलेले पाणी वापरता येते, तांब्याभर पुरते. फक्त ते मुलाने पिऊ नये एवढे पाहावे. खेळ संपला की परात दोघांनी मिळून धरून ते कुंडीत ओतावे, म्हणजे माती ते किती वेळात शोषून घेते हेही मुलाला तिथेच पाहता येईल.