पांढरा मनोरा आणि कोरा कागद

मंडळी, नाशिकच्या गंगाघाटावर चित्रं काढून काढून आपला हात काळ्या पाषाणावर बसलेला असतो. काळारामाच्या भिंतीवर गडद रंग बिनधास्त लावता येतो. चुकलं तर आणखी गडद करायचं. जलरंगात दीपगृहाचं भेटकार्ड करताना ती सोय नाही. तिथला पांढरा म्हणजे कोरा कागदच. रंग चढला की पांढरा गेला.

आधी कागद कापू. ३०० जीएसएमच्या (ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे जाड) ५६ × ७६ सेंमी शीटमधून ए-५ आकाराचे तुकडे काढायचे. घडी घातली की १०५ × १४८ मिमीचं उभं कार्ड होतं, सी-६ पाकिटात बसतं. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. जिकडे सहज वाकते, घडी त्याच रेषेत हवी, नाहीतर कण्यावर कागद फुटतो. ही रेषा शीटच्या लांब बाजूला समांतर असेल तर दहा कार्डं निघतात, आखूड बाजूला असेल तर नऊच. तेव्हा घडीची दिशा बदलून दहावं काढायचा मोह सोडा. घडीची रेघ संपलेल्या रिफिलने आधी दाबून घ्या.

आता मनोरा. मुंबईत कुलाब्यापुढचं प्राँग्ज दीपगृह १८७५ सालचं, गोल, पांढऱ्या-लाल-काळ्या पट्ट्यांचं. होडीतून बघताना क्षितिज पायथ्याजवळ येतं, म्हणजे सगळे पट्टे डोळ्यांच्या वर. सर्वांत खालच्या पट्ट्याची कड जवळपास सरळ, वर जाल तशी ती कमानीसारखी फुगत जाते आणि दिव्याभोवतीच्या गॅलरीची कड सर्वांत जास्त. बहुतेक कार्डांवर सगळे पट्टे एकाच वळणाचे दिसतात, म्हणून मनोरा पत्र्याच्या डब्यासारखा वाटतो. आणि क्षितिज मनोऱ्याच्या डावी-उजवीकडे एकाच उंचीवर आहे ना, हे पट्टी लावून तपासा. मध्ये मनोरा आला की डोळा फसतो.

आकाश रंगवताना आपली एप्रिलची कोरडी हवा आडवी येते. डावी बाजू होईपर्यंत उजवी वाळते आणि मनोऱ्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी आकाशं दिसतात. दोन्हीकडे कडेपर्यंत आधी स्वच्छ पाणी फिरवा, रंग एकाच वेळी पुरेसा कालवा. मास्किंग फ्लुइड (पांढरा भाग कोरा राहावा म्हणून लावायचा रबरी द्रव) वापरत असाल तर कार्ड उन्हात वाळवू नका. ते चिकटून बसतं आणि काढताना कागदाचा पापुद्रा निघतो.

सावलीसाठी अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी, पातळ. गोल मनोऱ्यावर सर्वांत गडद भाग अगदी कडेला नसतो, किंचित आत असतो. कडेवर समुद्राचा परतलेला उजेड असतो. खांदेरी बेटावरचं १८६७चं दीपगृह मात्र अष्टकोनी. तिथे कडा विरघळवायच्या नाहीत, एकेका पैलूला एकेक सपाट छटा.

सावली पूर्ण मनोऱ्यावर, पट्ट्यांसकट टाका. वाळल्यावर वरून पारदर्शक लाल, म्हणजे सावली खालून दिसते. कॅडमियम लाल ती झाकून टाकतो. लालमध्ये काळा मिसळून सावली करायची नाही, विटकरी चिखल होतो.

दिव्याची काच दिवसा पिवळी नसते! ती आकाशापेक्षा गडद, एखादी चमक कोरी सोडलेली. कठड्याचे गज मोजत बसू नका, पाच-सहा पुरेत.

छापायचं असेल तर मूळ चित्र ए-५वर करा आणि सावली एक छटा गडद ठेवा. फिक्या छटा स्कॅनरमध्ये उडतात. छपाईला गुळगुळीत आर्टकार्ड नको, त्यावर शाईपेन पसरतं.